अडीनडीचा डबा

माणसाचा स्वभाव त्याच्या सहीवरून कळतो, असं सांगणारे लोक असतात. त्यांनी माझ्याशी दोन मिनिटं बोलावं. गेली तेवीस वर्षं मी बँकेत बसून लोकांच्या सह्या पडताळतो आहे. सहीवरून फक्त एवढंच कळतं, की माणसाला स्वतःची सही आठवत नाही. स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर त्याच्या स्वयंपाकघरात स्टूल घेऊन चढावं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या रांगेत हात घालावा. पुढच्या रांगेत माणूस चार लोकांना दाखवण्यापुरता असतो. मागच्या रांगेत तो खरा असतो.

हे तत्त्वज्ञान मला एका चौथ्या शनिवारी सुचलं. २०१५ सालापासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. कर्मचाऱ्यांनी हे दिवस कुटुंबात घालवावेत, असा त्यामागे उदात्त हेतू असावा. मात्र सुट्टी देणाऱ्यांनी कुटुंबांचं मत विचारलं होतं की नाही, याबद्दल आमच्या घरात शंका आहे.

त्या शनिवारी सकाळी उपमा करायचा ठरला आणि रवा सापडेना. 'चहा' लिहिलेल्या डब्यात तांदळाची पिठी निघाली. 'साखर' लिहिलेल्या डब्यात शेंगदाणे. हॉर्लिक्सच्या बाटलीत मोहरी. श्रीखंडाचे डबे तर आमच्याकडे नऊ आहेत आणि त्यांत श्रीखंड सोडून सगळं असतं. मधेच आमच्या कन्येने फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा बघून आनंदाने आरोळी ठोकली. आत भिजवलेली मटकी होती. अशा धक्क्यांतूनच मराठी मुलं लहानपणी वेदान्ताकडे वळत असावीत. नाम वेगळं, रूप वेगळं, आणि आतलं तत्त्व तिसरंच!

"हे असं चालायचं नाही," मी जाहीर केलं. "एकदा रीतसर स्टॉक घ्यायला हवा."

"घ्या की," सौ. म्हणाली. "सकाळचा चहाही तुम्हीच करून घ्या. चहा कुठल्या डब्यात आहे ते मात्र मी सांगणार नाही."

आमचं स्वयंपाकघर सात बाय सहा फुटांचं. मी बी.कॉम. असल्यामुळे हे बेचाळीस चौरस फूट होतात, हे मला लगेच सांगता येतं. पण त्यातून ओटा, फ्रीज, सिलिंडर आणि पाण्याचं पिंप वजा केलं, की जे उरतं त्यात एका वेळी एक माणूस किंवा एक मतभेद यांपैकी एकच काहीतरी मावतं. आम्ही दोघं आत शिरलो की दोन्ही शिरतात. म्हणून मी सौ.ला बाहेर बसवलं, वही घेतली, रकाने आखले आणि स्टुलावर चढलो.

कॉमर्सच्या मुलांना एक मंत्र शिकवतात : 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट'. जो माल आधी आला, तो आधी बाहेर जावा. आमच्या घरी याच्या बरोबर उलट चालतं. जुने पोहे संपायच्या आत नवे येतात आणि ते जुन्यांच्या डोक्यावर ओतले जातात. वरचे खाल्ले जातात, खालचे तसेच राहतात. आमचा पोह्यांचा डबा आडवा कापला असता, तर भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सोय झाली असती.

दुपारपर्यंत यादी तयार झाली. साबुदाणा चार पिशव्या, कारण प्रत्येक चतुर्थीच्या आदल्या रात्री सौ.ला साबुदाणा नाही असं वाटतं. हिंगाच्या डब्या पाच. रबर लावलेली पोह्यांची पाकिटं तीन. कुकरच्या शिट्ट्या दोन, त्यांचा कुकर नाही. आणि पाकिटावरची तारीख उलटलेल्या शेवया, दलिया आणि कसलंसं तयार पीठ.

"ही तीन पाकिटं कामाच्या मावशींना देऊन टाकू," मी म्हणालो. मनातून मला आपलं औदार्य आवडलं होतं.

"तारीख उलटली ना?"

"दहाच दिवस झालेत. काही होत नाही दहा दिवसांनी. चांगलं आहे."

"मग आपण खाऊ."

"अगं, तारीख उलटलीय!"

सौ. शाळेत गणित शिकवते. तिने चश्म्याच्या वरून माझ्याकडे असं पाहिलं, की मला एकदम सातवी ब मध्ये उभं असल्यासारखं वाटलं. "म्हणजे तीच पाकिटं आपल्याला खराब आणि त्यांना चांगली? ही कुठली बेरीज?"

मी गप्प बसलो. देवदिवाळीला वाटलेला दिवाळीचा फराळ, बटणं तुटल्यावर आठवलेले गरीब, पूरग्रस्तांसाठी काढलेले लग्नातले सूट... 'दान' या सदराखाली आपण किती माल निर्लेखित करतो, याचा ताळेबंद कुणी मागत नाही म्हणून बरं आहे. शेवया त्या संध्याकाळी आम्ही खाल्ल्या. कुणालाही काहीही झालं नाही.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण स्टॉक घेणाऱ्या माणसाला माळा दिसला की तो थांबत नाही.

माळ्यावर, कन्येच्या जुन्या पाळण्याच्या मागे, तेलाचा मोठा पत्र्याचा डबा होता. वरचा पत्रा कापून त्याला झाकण बसवून घेतलेलं. डबा जड होता. उघडला तर आत शुभ्र ज्वारी, मालदांडी. मधे मधे कडुलिंबाचा सुकलेला पाला. एका कोपऱ्यात फडक्याची पुरचुंडी, तिच्यात तूरडाळ. दुसरीत गुळाचा खडा. मी मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन नीट बघितली. एक किडा नाही, एक जाळं नाही. खाली माझ्या तारखा छापलेल्या पाकिटांतून मात्र सकाळपासून तीन प्रकारचे जीव बाहेर पडले होते.

"आई, हे काय आहे?" मी वरूनच ओरडलो.

आई बाहेर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे तिथंच. अडीनडीचा डबा आहे तो."

"पण हा डेड स्टॉक आहे! किती वर्षं पडून आहे हा?"

"पडून कशाला राहील? दर साली फाल्गुनात गावाकडची नवी ज्वारी आली, की जुनी दळून खातो आपण आणि नवी भरतो. तुझी लेक चढते माळ्यावर. तू खाल्लीस की मागच्या महिन्यात भाकरी!"

म्हणजे 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट' आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू होतं. माझ्या डोक्यावर, माळ्यावर, माझ्या पदवीला न कळवता.

हार मानायची नाही म्हणून मी शेवटचा मुद्दा काढला. "पण आई, आता अडीनडी राहिलीय कुठे? खाली वाण्याचं दुकान आहे. फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत पोरगा पिशवी घेऊन दारात उभा राहतो. मग एवढी जागा कशाला अडवायची?"

आईने मेथीची काडी मोडली. "आणि कोरोनात?"

दोनच शब्द. मी स्टुलावरून उतरलो.

पूर्वी आमच्याकडे गावोगावी जमिनीखाली पेवं असत, धान्य साठवायला. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण म्हणतो, ते हेच पेव. जुनं पेव उघडलं, की जाणती माणसं लगेच आत उतरत नसत. आत कोंडलेल्या वाईट हवेने माणूस दगावतो. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला, तर थांबायचं. माझ्या २०२० सालच्या पेवात मी अधूनमधून कंदील सोडून बघतो. आता विझत नाही, म्हणून सांगतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, असंही सांगितलं गेलं. ते ऐकत ऐकतच मी चप्पल घातली. खाली वाण्याच्या दुकानापुढे आमची सगळी सोसायटी उभी होती. एरवी वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही. त्या रात्री सगळे सभासद हजर. मी वीस किलो कणीक, सहा किलो तूरडाळ, दहा किलो तांदूळ आणि पाच किलो साखर घेतली. माझ्यामागच्या माणसाला साखर मिळाली नाही. त्याच्याकडे मी मागे वळून पाहिलं नाही. हा सगळा माल बाहेरच्या खोलीतल्या दिवाणात रचला आणि वर गादी टाकून त्यावर झोपलो. दुष्काळात सावकार झोपत असेल तसा.

आता यातली गंमत पाहा. बँक चालते कशावर? सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला येणार नाहीत, या विश्वासावर. लोकांनी ठेवलेले सगळे पैसे तिजोरीत पडून नसतात. ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे राखीव असतो, थोडी रोकड हाताशी असते, बाकीचे कर्जाऊ फिरत असतात. अफवा उठली आणि सगळे एकदम धावले, तर चांगली बँकही अडचणीत येते. म्हणजे टंचाई नसते. टंचाईच्या भीतीने ती तयार होते. हे मी वर्षानुवर्षं काउंटरवरून घाबरलेल्या आजोबांना समजावत आलो आहे. "आजोबा, घाबरून काढू नका. तुम्ही नाही काढलेत, तर सगळ्यांचे सुरक्षित आहेत." टाळेबंदीतही आमची शाखा चालू होती, मी चालत जात होतो आणि हेच वाक्य मास्कमधून म्हणत होतो. फक्त वाण्याच्या काउंटरच्या या बाजूला उभं राहिल्यावर मला ते आठवलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू. एकट्या राहतात. मुलगा परदेशात. पदराने तोंड झाकून, चार पावलं लांब, हातात रिकामी वाटी.

"वाटीभर तूरडाळ आहे का हो? वाण्याकडे संपलीय. दोन दिवसांत देते परत."

सेफ्टी डोअर न उघडता मी म्हणालो, "काकू, आमच्याकडेही संपलीय हो."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे. साहेबांना, विमा एजंटला, लग्नाच्या वेळी पगाराबद्दल सासऱ्यांना. पण त्या खोट्यांना काहीतरी कारण होतं. या खोट्याखाली सहा किलो डाळ होती. मी दार लावलं आणि दिवाणावर येऊन बसलो. म्हणजे पुराव्यावरच बसलो.

आई आतच होती. तिने ऐकलं होतं. काही बोलली नाही. संध्याकाळी माळ्यावर खुडबुड झाली. थोड्या वेळाने नात हातात शीग लावून भरलेली वाटी घेऊन समोर गेली आणि दारात ठेवून, बेल वाजवून लांब उभी राहिली. आई आमच्या दारातून काकूंना सांगत होती, "अहो, डाळ होती की! आमच्या बाबूला ठाऊकच नसतं घरात काय आहे ते. बँकेतला माणूस!"

म्हणजे मी डाळ वाचवायला खोटं बोललो आणि आई मला वाचवायला. एकाच घरातून, एकाच दारातून, एकाच दिवशी दोन खोटी बाहेर पडली. दोघांचं वजन सारखं धरायचं का, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांना मी सादर विचारतो.

दिवाणातल्या मालाचं पुढे काय झालं? पावसाळा आला. दमट हवेत कणकेला जाळी धरली, अळ्या झाल्या. डाळीत किडे झाले. जुलैमध्ये सात किलो कणीक आणि तीन किलो डाळ मी रात्री उशिरा, कुणी बघत नसताना, कचऱ्यात टाकली. काकूंना नाकारलेली वाटीभर डाळ शेवटी किड्यांनी खाल्ली. त्यांनी मास्कही लावला नव्हता आणि परत देण्याची बोलीही केली नव्हती.

हे सगळं आठवून मी त्या शनिवारी आईसमोर बसलो. म्हटलं, "आई, तू तरी साठवतेसच की! माझ्यात आणि तुझ्यात फरक काय?"

आईने लगेच उत्तर दिलं नाही. मेथी संपवली. मग म्हणाली, "बहात्तर साली नुकतंच लग्न झालं होतं माझं."

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं. १९७२ चा दुष्काळ आम्ही मुलं लहानपणापासून ऐकत आलो. खडी फोडायची दुष्काळी कामं, कामावर वाटलेली सुकडी, रेशनवर आलेली तांबडी मिलो आणि तिच्या न जमणाऱ्या भाकरी. पण ही गोष्ट आईने कधी सांगितली नव्हती. शेजारी एक म्हातारी होती. भिंतीतल्या बळदात तिची मागल्या सालची ज्वारी होती. आई खडी फोडून यायची. आठवड्यातून एकदा म्हातारी तिला हाक मारून शेरभर ज्वारी पदरात घालायची. आई म्हणायची, "आजी, तुम्हाला राहू द्या." म्हातारी म्हणायची, "आहे गं, पुष्कळ आहे." पुढे म्हातारी गेली. घर आवरायला बायका जमल्या. बळदात हात घातला, तर खाली नुसता भुसा होता. कधी संपली होती कोण जाणे. शेवटी शेवटी ती कुठून देत होती, तेही कळलं नाही.

"ती नसताना 'आहे' म्हणायची," आई म्हणाली. आणि उठून मेथी धुवायला गेली. पुढचं वाक्य तिने उच्चारलं नाही. आया काही हिशेब मुद्दाम अर्धे सोडतात.

दारात परत येऊन तिने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "अरे, डबा भरायचा तो दारात कुणी आलं तर हात आखडायला लागू नये म्हणून."

मी विचार करतो आहे. शाळेत गांधीजींची एकादश व्रतं पाठ केली होती. त्यांत असंग्रह होता. ते वाचून वाटायचं, साठवणं हेच पाप. पण म्हातारीने बळद भरलंच नसतं, तर आईच्या पदरात काय पडलं असतं? पांडवांना वनवासात सूर्याने थाळी दिली. 'अक्षय' असं नाव, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसाचं खातं बंद. नेमकी ती जेवून उठल्यावर दुर्वास ऋषी शिष्यांसकट, न कळवता, ऑडिटरसारखे हजर झाले. तेव्हा कृष्णाला थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान सापडलं आणि त्यावर वेळ निभावली. एवढा देव, पण त्यालाही काहीतरी शिल्लक लागलीच. द्रौपदीने थाळी लख्ख घासली असती, तर महाभारत वनपर्वातच संपलं असतं. तेव्हा शिल्लक वाईट नाही. आणि आणखी एक : त्या थाळीचा हिशेब जी सगळ्यांत शेवटी जेवते तिच्या हातात होता. आमच्या घरी अजून आई शेवटी जेवते. कदाचित म्हणूनच तिला साठवायचा अधिकार आहे आणि पहिल्या पंगतीत बसणाऱ्या मला नाही.

१९५५ सालचा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे. त्याखाली सरकार व्यापाऱ्यांच्या साठ्याला मर्यादा घालू शकतं. पण घरातल्या दिवाणाची गादी उचलून बघायला कुणी येत नाही. आणि आलं तरी कळणार काय? माझी डाळ आणि आईची डाळ एकाच वाण्याची, एकाच भावाची. आईने भरली ती देता यावी म्हणून. मी भरली ती द्यावी लागू नये म्हणून. एकीला साठवण म्हणतात आणि दुसरीला साठेबाजी. बाहेरून बघून सांगता येत नाही. दारावरची बेल वाजते, तेव्हाच कळतं.

असो. माझा स्टॉक रजिस्टर पूर्ण झाला. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या : माल, वजन, तारीख. आठवड्याभरात 'चहा'च्या डब्यात पुन्हा पिठी आली, तो भाग वेगळा. अडीनडीचा डबा मी स्वतः परत माळ्यावर चढवला. त्यावर काय लिहावं सुचेना, म्हणून चिठ्ठी कोरीच राहिली आहे.

एका नोंदीचं मात्र अजून जमत नाही. त्या वेळची वाटी काकूंनी दोन दिवसांनी परत केली. डाळ आणि वर दोन चमचे साखर, कारण शेजारची वाटी भरल्या हातानेच परत करायची रीत आहे. त्या साखरेचा चहा मी प्यालो. तो कडू लागला असं लिहायला छान वाटलं असतं. पण गोडच लागला. आपली जीभ इतकी तत्त्वनिष्ठ नसते. मग आईने वाटीत खोबऱ्याची वडी पाठवली. काकूंनी लोणच्याची फोड. तेव्हापासून ती वाटी सारखी जाते आहे, येते आहे. आता ती आमची की काकूंची, हेही कुणाला आठवत नाही. परवा दार मीच उघडलं. वाटीत ओलं खोबरं घातलेले कांदेपोहे होते, गरम.

आवक धरावी, तर देणं राहतं. जावक धरावी, तर वस्तू समोर आहे. बँकेत अशा न जुळणाऱ्या रकमा आम्ही तात्पुरत्या सस्पेन्स खात्यात टाकतो. ती वाटी मी तिथे टाकली आहे. कधीतरी ऑडिट होईलच. तेव्हा सांगू.